डोंगऱ्याची चोपन्न इंची तलवार

शहाद्याच्या बाजारपेठेत पुनीतच्या दुकानाची पायरी चढणाऱ्याला आपलं माप सांगावं लागत नाही. दुकान शाळेच्या गणवेशांचं. आई पोराला घेऊन पायरीवर येते न येते तोच पुनीत मागच्या फळीवरून अठ्ठावीसचा शर्ट आणि चोविसाची हाफपँट काढून ठेवतो. आईचा विश्वास बसत नाही. मग तो गळ्यातला टेप काढून पोराच्या छातीभोवती फिरवतो, टेप अठ्ठावीसच दाखवतो, आणि पुनीत एक अक्षर न बोलता टेप परत गळ्यात टाकतो. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला गर्व म्हणायला हरकत नाही. अडतीस वर्षांत त्या माणसाला गर्व करण्याजोगं दुसरं फारसं मिळालेलं नाही, तेव्हा एवढा त्याला असू द्यावा.

घराणं मारवाडी, जैन. पणजोबा राजस्थानातून गाठोडं घेऊन आले आणि इथल्याच मातीत मुरले. वडील सुभाषचंद आता दुकानात फक्त गादीवर टेकून बसतात, पण सबंध शहाद्यात त्यांचं एक वाक्य प्रसिद्ध आहे: "माप झूठो नीं होणो चाहीजे." भावात घासाघीस करा, कापडाला नावं ठेवा, सुभाषचंद हसून ऐकून घेतील. मापाबद्दल मात्र शंका काढली की म्हातारा गादीवरून उठून उभा राहतो. पुनीतला हे बाळकडू इतकं पाजलं गेलं की दुकानाबाहेरही त्याचा डोळा माणसं मापतच राहिला. लग्नात नवरदेवाच्या शेरवानीची बाही पाऊण इंच लांब आहे हे दिसलं की त्याला जेवण गोड लागायचं नाही.

हाच डोळा घेऊन तो खेळायला बसायचा, आणि तिथंच सगळं बिनसलं.

खेळ असा होता. पुण्याला कॉलेजात असताना हॉस्टेलवर पुनीतला एक नाद लागला. चार जण भोवती बसायचं. एकानं सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी योद्धा, कुणी हेर, कुणी मांत्रिक. समोर राक्षस आला तर काय करणार ते तोंडानं सांगायचं, आणि जमलं की नाही ते फाशांवर ठरायचं. ना पट, ना सोंगट्या. सगळं डोक्यात. शहाद्याला परतल्यावर पुनीतनं इंग्रजी पुस्तकं बाजूला ठेवली आणि शाळेच्या लाँगबुकांत स्वतःचा खेळ लिहून काढला. त्यात डोंगर होते, नदी होती, पाण्याखाली गेलेली गावं होती आणि त्या गावांची राखण करणारे यक्ष होते. अकरा लाँगबुकं भरली. गावातल्या लोकांना कळलं असतं तर त्यांनी वेड्यातच काढलं असतं, म्हणून दर रविवारी दुपारी दुकानावरच्या माळ्यावर, गणवेशांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून हा कारभार चालायचा. सूर्य मावळायच्या आत पुनीतला जेवायला घरी जावं लागे, म्हणून राक्षसही उन्हं उतरायच्या आत मारावे लागत.

या खेळात पुनीतचा एक नियम जगावेगळा होता. तलवार माणसाच्या अंगाला बसली पाहिजे. मोबाइलवरच्या खेळांत काडी पहिलवान दाराच्या फळीएवढी तलवार खांद्यावर टाकून हिंडतात, ते बघून तो अक्षरशः संतापायचा. "ती उचलली तर हा माणूस जागच्या जागी कलंडेल," म्हणायचा. त्यानं वाचून वाचून कोष्टकं केली होती. एका हाताची तलवार हात खाली सोडून धरली तर टोक घोट्याशी यावं, जमिनीला लागू नये. दोन हातांची जमिनीवर उभी केली तर मूठ काखेशी यावी. दोन्ही हातांच्या पकडीला तीन मुठींची जागा. पेललं जाईल असं वजन, तोल मुठीपासून चार बोटांवर. आणि अंग कुणाचं धरायचं? खेळणाऱ्याचं. गोष्टीतल्या योद्ध्याचं अंग म्हणजे ज्यानं त्याला जन्म दिला त्याचं अंग, असं पुनीतनं पहिल्याच लाँगबुकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं. प्रत्येकाचं माप टेपनं घेऊन सुताराकडून त्या मापाची लाकडी तलवार करून घ्यायची आणि माळ्यावरच्या खिळ्याला टांगायची. मापात जास्त मागाल तर मिळणार नाही.

हा नियम जामसिंगनं अंगावर सोसला होता. जामसिंग धडगावकडचा पावरा आदिवासी, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, उंची पाच फूट एक इंच. त्याला आपल्या हेराला साठ इंची तलवार हवी होती. पुनीतनं वाद घातला नाही. साठ इंचाची लिंबाची फळी आणून त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, घरच्या गच्चीवर चल, फिरवून दाखव. जामसिंगनं फिरवली. पाऊण गिरकीपर्यंत त्यानं फळीला फिरवलं, पुढची पाऊण गिरकी फळीनं त्याला फिरवलं, आणि दोघं मिळून पुनीतच्या आईनं, लाडकंवरबाईंनी, वाळत घातलेल्या मुगाच्या पापडांच्या खाटेवर गेले. लाडकंवरबाईंनी त्या दिवशी मास्तरला जे सुनावलं ते त्यानं वर्गात कधी कुणाला सुनावलं नसेल. त्यानंतर जामसिंगनं एकतीस इंची तलवार निमूट घेतली आणि पुढं तिच्यावरच त्याचा जीव जडला.

आणि तिसरा हेमराज. खरं म्हणजे पहिला हेमराज, कारण हा सगळा खेळ मुळात त्याच्यासाठीच मांडला होता की काय असं वाटावं.

पुरुषोत्तमनगरच्या पलीकडं त्याचं गाव. घरची शेती, ऊस आणि केळी, थोरला भाऊ लोटन, बायको रोहिणी. पाचवीपासून तो आणि पुनीत एका बाकावर बसले. उंची सहा फूट दोन इंच, खांदे असे की शर्टाला दुकानातलं शेवटचं माप लागायचं, आणि हात गुडघ्याकडं पोचणारे. पुनीतनं पहिल्यांदा त्याचं माप घेतलं तेव्हा दोनदा टेप लावला आणि खूश होऊन हसला. चोपन्न इंच! दोन हातांची अख्खी तलवार पेलेल असं अंग त्याच्या सगळ्या कोष्टकांत एकाच माणसाचं निघालं होतं. हेमराजनं आपल्या योद्ध्याचं नाव ठेवलं डोंगऱ्या. बोलायला हेमराज मुखदुर्बळ होता, चार माणसांत तोंड उघडायचं म्हणजे त्याला संकट. पण माळ्यावर डोंगऱ्या झाला की तो उठून उभा राहायचा, लाकडी तलवार दोन्ही हातांत धरायचा आणि अशा आवाजात बोलायचा की खाली गादीवर सुभाषचंद चमकून वर बघायचे. बारा वर्षं डोंगऱ्यानं घाट चढले, नदीतले यक्ष हरवले, जामसिंगच्या हेराला सतरा वेळा मरणातून ओढून काढलं. पुनीत सांगायचा आणि हेमराज व्हायचा. त्या दोघांनी एकमेकांना मैत्रीबद्दल कधी एक शब्द सांगितला नाही. सांगायची गरजच नव्हती, रविवार होता ना.

दोन वर्षांपूर्वी, पौषात, हेमराज गुरांसाठी कडबा कुटत होता. कुट्टीचं मशीन घरचं, रोजचं. ज्वारीच्या ताटांबरोबर उजवा हात आत गेला. लोटननं पळत येऊन बटण बंद केलं तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. सुरतच्या दवाखान्यात कोपराखाली चार बोटं अंतर ठेवून बाकीचा हात काढावा लागला.

पुनीत दर आठवड्याला भेटायला जायचा. घरी आणल्यावर हेमराजचं जे झालं ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं. वाईट कुणीच वागलं नाही, तेच तर वाईट. ट्रॅक्टर लोटननं घेतला. रोहिणी भाकरी चुरून ताट पुढं ठेवायला लागली. बँकेच्या कागदावर सही करायची तर भाऊ म्हणायचा, "ऱ्हाऊ दे, मी करी लेस." पाहुणे यायचे, कोपराकडं बघून मग घाईनं तोंडाकडं बघायचे, आणि "आते तू निवांत बस भो" असं म्हणून चहा पिऊन जायचे. सहा फूट दोन इंचाचा माणूस ओसरीवर निवांत बसला. बसून बसून त्याचे खांदे उतरले. पुनीतच्या डोळ्यानं तेही मापलं. शर्ट आता एक नंबर खालचा लागेल, असं त्याला वाटून गेलं आणि त्या वाटण्याची त्याला लाज वाटली.

चौदा महिने गेले. होळी झाली आणि एका सकाळी पुनीतच्या मोबाइलवर हेमराजचा निरोप आला: "रविवारले बसूत का?"

पुनीत दुकानात रडला. गिऱ्हाईक समोर होतं तरी रडला.

रविवारला आठ दिवस होते. ते आठ दिवस त्यानं जीव ओतून काम केलं, आणि आज त्याला छळतं ते नेमकं हेच. दुर्लक्ष झालं असतं तर माफी मागता आली असती. त्यानं विचार केला: आपण कधी कुणाला खोटं माप दिलं नाही, आता हेमराजला देणार का? दया म्हणून? दया तर त्याला गावभर मिळतेय. इथं त्याला बरोबरीनं वागवायचं. एका हातानं लढणारे योद्धे जगात झाले नाहीत का? त्यानं रात्रंदिवस वाचून डाव्या हाताच्या लढाईचं नवं कोष्टक लिहिलं. डोंगऱ्याचं जुनं पान काढून नवं पान केलं. सुताराकडं चार खेपा घालून पस्तीस इंची, एका हाताची, सागाची तलवार करून घेतली. डाव्या तळहाताची रुंदी त्यानं नजरेनंच घेतलेली होती. मूठ तासून तासून अशी केली की दुसऱ्या कुणाच्या हातात ती बसली नसती. देखणी वस्तू झाली होती, ते नाकारता येणार नाही.

त्याची बायको नेहल शेजारी बसून गणवेशांवर किमतीच्या चिठ्ठ्या लावत होती. तिनं तलवारीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"थे हेमराजजी नै पूछ्यो?" तिनं विचारलं.

"माप नै कांई पूछणो?" पुनीत म्हणाला. मापाला काय विचारायचं असतं!

नेहलनं पुढची चिठ्ठी लावायला घेतली. तिनं त्या वेळी अजून एक वाक्य बोलायला हवं होतं असं तिला आजही वाटतं. पण ज्या माणसाला आठ दिवसांत इतकं आनंदात पाहिलं, त्याला कोण अडवणार?

रविवारी हेमराज आला. जिन्यावर त्याची पावलं ऐकू आली तेव्हा जामसिंग उठून उभा राहिला. हेमराज वर आला, माळ्यावर नजर फिरवली, गणवेशांच्या गठ्ठ्यांचा वास घेतला, आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं हसला.

"काय भो, डोंगऱ्या जिता शे ना?"

"जिता शे," पुनीत म्हणाला. "बस ना, बस."

फरसाण झालं, चहा झाला. मग पुनीतनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढून त्याच्या मांडीवर ठेवली आणि त्यावर नवं पान ठेवलं. शाळेत बक्षीस समारंभाला पोराच्या आईचं तोंड असतं तसं त्याचं तोंड झालं होतं. हेमराजनं डाव्या हातानं कागद सोडला. तलवारीकडं बघितलं. मग पान वाचलं, सावकाश, खालपर्यंत.

"हाई काय शे?"

"तुन्ही नवी तलवार. डावा हातनी. पस्तीस इंच. धरीसन तं देख."

"नि जुनी?"

"जुनी दोन हातनी व्हती ना भो."

हेमराज भिंतीकडं वळला. त्याच्या खिळ्यावर काही नव्हतं. चोपन्न इंची तलवार पुनीतनं आदल्या दिवशी गठ्ठ्यांमागं ठेवून दिली होती, उगाच डोळ्यांपुढं नको म्हणून.

"डोंगऱ्याना हात कसामा गया?" हेमराजनं विचारलं. आवाज अगदी साधा. "त्यानी कोठे कुट्टीमा हात घाला?"

जामसिंग पुढं सरकला आणि हळूच म्हणाला, "पुनीत, ऱ्हाऊ दे ना. जुनीच दे त्याले."

इथं, या एका क्षणी, सगळं सावरता आलं असतं. पुनीत हसून "गंमत करी व्हती" असं म्हणाला असता तरी चाललं असतं. पण त्याला पुरतं समजलंच नव्हतं. त्याला वाटलं, हेमराजला आपली मेहनत दिसत नाहीये. त्याला वाटलं, मित्राला खोटं माप दिलं तर ती मैत्री कसली. तो मापाचाच माणूस, मापाचंच बोलला.

"आपला नियम शे ना भो. आंगनं माप तेच तलवारनं माप. जामसिंगले बी तोच, माले बी तोच. तुले येगळं देऊ ते तुले कमी लेखासारखं व्हई."

हेमराजनं मान हलवली.

"बरोबर शे," तो म्हणाला. "नियम तो नियम."

आणि तो खेळला. दुपारभर खेळला. तक्रार नाही, रुसवा नाही. उठून उभा मात्र राहिला नाही, बसूनच बोलला. डोंगऱ्यानं डाव्या हातानं दोन चोर मारले, एक दरवाजा उघडला. पुनीत खुलून गोष्ट सांगत होता आणि जामसिंग मान खाली घालून फासे गोळा करत होता. निघताना हेमराजनं नवी तलवार व्यवस्थित खिळ्याला टांगली आणि म्हणाला, "मस्त बनायेल शे. वजन बी बरोबर शे." जिना उतरून गेला तो परत वर चढला नाही.

पहिल्या रविवारी ऊस होता. दुसऱ्या रविवारी पाहुणे. तिसऱ्या रविवारी फोन लागला नाही. जामसिंग दोन रविवार येऊन बसला, मग त्यालाही जमेना. दोघांत गोष्ट काय सांगायची? पुनीत चिडला, मग खट्टू झाला, मग नेहलला म्हणाला की मी इतकं केलं त्याचं त्याला काही नाही. नेहलनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "डोंगऱ्या रो हाथ थे क्यूं काट्यो?" असं कुणी विचारेल असं पुनीतच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

जून आला. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. एका दुपारी खेड्यातली एक बाई पाचवीतल्या पोराला घेऊन आली. पुनीतनं सवयीनं तीसचा शर्ट काढला. बाई म्हणाली, चौतीसचा दे. पुनीतनं टेप लावून दाखवला. तीस. दर जूनमध्ये आयांशी त्याची ही हुज्जत ठरलेली, आणि दर जूनमध्ये शेवटी तो मोठा शर्ट देतो, कारण पोरं वाढतात.

"ताई, आंगवर बठाव नही," तो म्हणाला.

"आंगवर बठाले कोन सांगी ऱ्हायनं भाऊ," बाई म्हणाली. "त्याले थोडी जागा जोयजे ना."

पुनीतचा हात फळीवर तसाच राहिला. पंधरा वर्षं तो हजारो पोरांना अंगापेक्षा मोठे कपडे देत आला होता. ज्या पोराला तो ओळखतही नाही त्यालाही दोन नंबर जागा. आणि हेमराजला? जगात एकच जागा अशी होती जिथं हेमराजला दोन हात होते. पुनीतच्या दुकानाच्या माळ्यावर, रविवारी दुपारी. तिथं तो चौदा महिन्यांनी धापा टाकत चढून आला होता, आणि तिथं बसलेल्या माणसानं टेप काढून त्याला दाखवलं की बाबा रे, इथंही एकच आहे. गावानं केलं ते दयेपोटी केलं. पुनीतनं ते नियमानं केलं, लिहून केलं, सुताराकडून घडवून केलं.

बाईनं दोनदा हाक मारल्यावर त्यानं चौतीसचा शर्ट काढून दिला.

त्या रात्री त्यानं नवं पान फाडलं. पहिल्या लाँगबुकातलं पहिलं पानही फाडलं, ज्यावर अंगाचा नियम होता. पस्तीस इंची तलवार मोडायला गेला तर मोडेना, सागाची होती. शेवटी ती बंबाजवळच्या सरपणात टाकली. गठ्ठ्यांमागून चोपन्न इंची तलवार काढली, पुसली, जुन्या धोतरात गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी भर सीझनमध्ये दुकान वडिलांवर सोडून मोटारसायकलवर निघाला. वाटभर तो बोलायची वाक्यं जुळवत होता.

हेमराज ओसरीवर बसला होता. रोहिणीनं "या भाऊ, बठा" म्हणून पाणी आणलं. पुनीत बसला नाही. उभ्याउभ्याच त्यानं कापड सोडलं आणि तलवार त्याच्यापुढं धरली.

"मी चुकनू," तो म्हणाला. "ते पान फाडी टाकं. नियम बी फाडी टाका. डोंगऱ्याले दोन्ही हात शेत. येता रविवारले तू ये. तुले पाया पडस मी."

हेमराजनं तलवारीकडं बघितलं. डाव्या हातानं मुठीला स्पर्श केला, तीन मुठींच्या जागेवरून बोटं फिरवली.

"आते नही शेत," तो म्हणाला.

"शेत ना भो! मी सांगस ना, शेत!"

"बस," हेमराज म्हणाला. पुनीत बसला.

एरवी हूं-हां करणारा हा माणूस त्या दिवशी सावकाश, बाहेरच्या केळीकडं बघत बोलला. "दवाखानामा व्हतू तव्हय रोज डोंगऱ्याले चालाडू मी. डोळा मिटीसन. दोन्ही हातमा तलवार धरू नि घाट चढू. घरना लोके घास चुरी देत, नि मी मनमा तलवार फिरावू. तेन्हावर जगनू भो. चौदा महिना तेन्हावरच." त्यानं केळीवरची नजर पुनीतकडं वळवली. "मंग तू सांगं का एकच शे. तो दिनपासून त्याले एकच दिखस. कितला येळ करी देखं. डोळा मिटस, धरस, नि उजवीकडे काहीच नही ऱ्हास."

"मी चुकी सांगं ना ते! खोटं व्हतं ते!"

"दुसरा कोनी सांगतं ना, ते मी हासीसन सोडी देतू," हेमराज म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर पुनीतनं देवाचे आभार मानले असते. "पन तुन्हं माप कधी चुकनं शे का?"

सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं, तेच हेमराजलाही ठाऊक होतं. जुळवून आणलेली वाक्यं पुनीतच्या तोंडातच राहिली आणि तो बाकावरच्या जुन्या मित्रापुढं लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. हेमराजनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. डावा.

थोड्या वेळानं रोहिणी आतून एक पिशवी घेऊन आली. 

"भाऊ, तुम्हना तठे टेलर शे ना," ती म्हणाली. "ह्या सात शर्ट शेत. उजवी बाही कापीसन शिवी द्या. वरीसभर मी सांगू का कापी देऊत, लोंबस, कोठेबी अडकस. पन ह्या हात लावू देत नही व्हतात. तो रविवारले तुम्हना तठून उनात, नि सोताच सगळा शर्ट काढी दिधात."

पुनीतनं हेमराजकडं बघितलं. हेमराजनं मान हलवली आणि खुर्ची जरा पुढं ओढून उजवा खांदा त्याच्याकडं केला.

"माप ले," तो म्हणाला.

"हेमराज, ऱ्हाऊ दे ना. येवढ्यात नको."

"ले भो. आते कसाले ठेवानं?"

पुनीतनं गळ्यातून टेप काढला. खांद्याच्या शिवणीवर एक टोक धरलं आणि टेप खाली सोडला. कोपराच्या खाली, जिथं हात संपत होता तिथं, त्यानं टेपवर अंगठा ठेवला. चार इंच वाढवून सांगावं, निदान दोन, असं त्याला वाटलं. कोण बघणार होतं? टेलर जे सांगू तेच कापणार.

"बरोबर ले," हेमराज डोळे मिटून म्हणाला. "बोटभर बी जास्त नको."

साडेसतरा इंच भरलं. पुनीतनं पिशवीवर पेन्सिलनं तेवढंच लिहिलं आणि पिशवी मोटारसायकलच्या हँडलला अडकवली.